घाईतली माणुसकी

प्रवासातली चिडचिड बहुधा क्षुल्लक गोष्टींतून उपजते. फास्ट गाडी दहा मिनिटे उशिरा येते, ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा होते, मागच्याची सॅक पाठीत रुतते. एरवी यातले काहीच मनाला लागले नसते. पण पुढे मस्टर आणि लेटमार्क असतो. वसईतल्या सांडोरहून मुंबईला कामाला जाणाऱ्याचा प्रवास तर वसई रोड स्थानकाच्याही आधी, रिक्षाच्या रांगेत सुरू होतो. तिथे पाच मिनिटे गेली की रोजची गाडी गेली, आणि गाडीतली रोजची जागाही.

विरारहून मुंबईतल्या बॅकबेला पहिली उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 रोजी निघाली, तेव्हा दिवसाला एकच फेरी होती. आता फेऱ्यांना तोटा नाही, तरी ऐन गर्दीत डब्यातल्या एका चौरस मीटरमध्ये 14 ते 16 माणसे उभी राहतात. इतक्या दाटीत धीर सुटणाऱ्याला लोक तापट म्हणतात. स्वभावाला दिलेला हा दोष पुष्कळदा अनाठायी असतो.

लूकच्या शुभवर्तमानातला, वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणारा दयाळू शोमरोनी सांडोरमध्ये नव्याने सांगायला नको. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग त्याच दाखल्यावर बेतलेला होता. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना भाषण देण्यासाठी दुसऱ्या इमारतीत पाठवले गेले. काहींना शोमरोन्यावरच बोलायचे होते. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडला होता. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के मदतीला थांबले. उशीर झाला असे सांगितलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. भाषणाच्या विषयाने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दाखला तोंडपाठ असलेलेही घड्याळाकडे पाहत पुढे गेले; आड आली ती घाई, स्वभाव नव्हे.

घाईत खोळंबा जाचतोच; त्यातही कारण न कळलेला खोळंबा अधिक लांब वाटतो, असे रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर लिहिणाऱ्या डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्ये मांडले. नायगाव आणि भाईंदरच्या मधे खाडीपुलावर गाडी मुकाट थांबली की डब्यात कुरबूर वाढते. सिग्नल बिघडल्याची घोषणा झाली तर शिव्या पडतात, पण माणसे फोन काढून ऑफिसला कळवू लागतात.

गर्दीवर प्रवाशांनी स्वतः काढलेली तोड अशा घोषणेहून मोलाची आहे. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू दिले जाते. उभा असलेला प्रवासी बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारून त्याची जागा आधीच सांगून ठेवतो, आणि तिसरा कोणी सहसा तिच्यावर हक्क सांगत नाही. अनोळखी माणसाची पिशवी हातोहात रॅकवर पोहोचते. भजनी मंडळे, दसऱ्याला सजवलेले डबे यांतून ओळख वाढते, आणि ओळखीच्या माणसावर खेकसणे जड जाते. त्या दिवशी कोणाचा मूड कसा आहे, यावर हा चांगुलपणा अवलंबून नसतो; तो रिवाज झालेला असतो.

मात्र हा रिवाज बहुतेक गटापुरताच चालतो. सकाळी विरार आणि नालासोपाऱ्याहून भरून आलेल्या गाडीचे दार वसईकराला अडवले जाते, तेव्हा तो दारातल्यांच्या नावाने बोटे मोडतो. संध्याकाळी विरार फास्टमध्ये तोच दारात उभा असतो, आणि बोरिवलीला उतरू पाहणाऱ्याला वाट देत नाही.