गेलेल्यांची मोजदाद



सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत एक प्रश्न विचारला गेला. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा जीव गेला आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली का? श्रम मंत्रालयाचं उत्तर असं होतं की अशी माहिती ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सापडले होते, हे आपण सगळ्यांनी वाचलं होतं. पण वर्तमानपत्रात येणं वेगळं आणि सरकारी वहीत नोंद होणं वेगळं. वहीत नाव नाही म्हणून देणं लागत नाही, असा तो सरळ हिशेब.

स्थलांतरितांच्या हक्कांचं बोलणं मोजणीपासून सुरू करायला हवं असं मला वाटतं, ते यामुळेच. आणि ते ज्यांनी खरोखर करून दाखवलं, त्या तिरुवनंतपुरममधल्या अभ्यासकांविषयी आज सांगायचं आहे.

अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था उभी राहिली.    त्याच दशकात आखातात तेलाचा पैसा आला आणि केरळचे तरुण तिकडे निघाले. कितीतरी जण मुंबईला यायचे, इथल्या एजंटांच्या कचेऱ्यांत खेटे घालायचे आणि इथूनच पुढे जायचे. गावाकडे मनिऑर्डरी आल्या, बँकेचे ड्राफ्ट आले, नवी घरं उठली. नेमकी किती माणसं गेली, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

कसं येणार? जनगणना होते ती इथे राहणाऱ्यांची. परदेशी गेलेला माणूस तिच्यात नसतो. परदेशी नोकरीसाठी सरकारी परवानगी लागते ती प्रामुख्याने दहावी न झालेल्यांना, तीही आखातासह ठरावीक देशांत जाताना. बाकीच्यांची त्या दप्तरात नोंदच होत नाही. परतलेल्यांचं तर विचारूच नका.

१९९८ मध्ये याच संस्थेतल्या के. सी. झकारिया आणि एस. इरुदय राजन या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह साधा मार्ग काढला. गेलेला माणूस भेटणार नाही, पण त्याचं घर भेटेल. राज्यभरातली सुमारे दहा हजार घरं निवडायची, दारात जायचं आणि विचारायचं: या घरातलं कुणी परदेशी आहे का? कुणी जाऊन परत आलंय का? पैसे किती येतात, कशावर खर्च होतात, जाण्यासाठी कर्ज कुठून काढलं? त्यावरून राज्याचा अंदाज बांधायचा. पहिल्या फेरीत उत्तर निघालं: परदेशी असलेले केरळी साडेतेरा लाखांच्या वर.

हुशारी पुढे आहे. ही पाहणी एकदा करून ते थांबले नाहीत, दर काही वर्षांनी तीच करत राहिले. म्हणून २०१३ च्या सुमारास हा आकडा चोवीस लाखांपर्यंत चढला आणि २०१८ मध्ये एकवीस लाखांवर उतरला, हे दिसलं. २०२३ च्या फेरीत वीस हजार घरं घेतली. आकडा बावीस लाख, म्हणजे फारसा हलला नाही. पण शिकायला जाणाऱ्यांची संख्या पाच वर्षांत जवळजवळ दुप्पट होऊन अडीच लाखांवर गेली, आणि घरी येणारा पैसा ८५ हजार कोटींवरून दोन लाख कोटींच्या पुढे गेला. २००८ च्या जागतिक मंदीत आखातातून लोंढे परततील असा गाजावाजा झाला होता. या अभ्यासकांनी परतलेल्यांची पाहणी केली, तेव्हा ती भीती अवास्तव होती असं दिसलं. घाबरून घोषणा करण्यापेक्षा हे किती स्वस्त पडतं!

केरळ सरकारने १९९६ मध्येच परदेशस्थ केरळींसाठी नोर्का हे स्वतंत्र खातं काढलं होतं. पुढे त्यांच्यासाठी कल्याण मंडळ आलं, निवृत्तिवेतन आलं. पाहणीचे आकडे हाताशी असल्यामुळे अशा योजनांवर विधानसभेत भांडता तरी येतं.

आता या पद्धतीची खोट. सगळं कुटुंबच गेलं तर घराला कुलूप असतं, आणि कुलूप उत्तर देत नाही. दुसरी खोट मला अधिक महत्त्वाची वाटते. उत्तर देते ती आई, नाहीतर बायको. त्याच्या मालकाने पासपोर्ट काढून घेतलाय, चार महिने पगार थकलाय, एका खोलीत दहा जण झोपतात, हे तो फोनवर घरी सांगतो का? बहुतेक नाही. ‘मी मजेत आहे’ एवढंच सांगतो. त्यामुळे घरोघरच्या पाहणीत पैसा चांगला मोजला जातो, अपमान कमी मोजला जातो. आखातातल्या कफाला पद्धतीत कामगाराचा तिकडचा मुक्कामच मालकाच्या मर्जीवर टांगलेला असतो. तो त्रास समजून घ्यायचा तर परतलेल्याला एकट्याला गाठून, वेळ देऊन बोलतं करावं लागतं. आकड्यांइतकंच हे कामही अशा संस्थांचं आहे, आणि ते अजून अपुरं आहे असं माझं मत.

हेच अभ्यासक २००८ मध्ये गोव्यातही पोचले. तिथल्या सरकारसाठी त्यांनी अशीच स्थलांतराची पाहणी केली. मग कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतून कुवेत-दुबईला गेलेल्यांची, दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची अशी नियमित, घरोघरची मोजणी आपल्याकडेही व्हायला नको का? अर्थसंकल्पाच्या मानाने तिचा खर्च काहीच नाही.

आणि एक विनंती तुम्हालाही. घरातलं कुणी परदेशी कामाला निघालं असेल, तर एजंटाकडे सरकारी परवाना आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहा. नोकरीच्या कराराची आणि पासपोर्टची एक प्रत घरी ठेवून घ्या. पाहणी करणारी एखादी मुलगी वही घेऊन दारात आली, तर ‘आमच्याकडचं कुणी बाहेर नाही’ म्हणून तिला वाटेला लावू नका. बसायला सांगा, आणि गेलेल्याचं नाव लिहून द्या.