कंगवा, कपटे आणि एक प्रश्न



कोरड्या केसांतून प्लॅस्टिकचा कंगवा दहावीस वेळा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ धरला, की कपटे उडी मारून त्याला चिकटतात, हे तुम्ही पाहिलेच असेल. ही गंमत फार जुनी आहे. काही घरांत तसबीहचे मणी कहरुब्याचे असतात. हा शब्द फारसी. काह म्हणजे गवताची काडी आणि रुबा म्हणजे पळवून नेणारा. घासलेला कहरुबा काडी ओढतो म्हणून हे नाव पडले. अरबीत आजही विजेला त्याच शब्दावरून 'कहरबा' म्हणतात. ग्रीक लोक कहरुब्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत. 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द तेथूनच आला.

मी बी.ए.चा माणूस. विज्ञानाचे शिक्षक नव्हते, म्हणून एका वर्षी सातवीचा तो तास माझ्याकडे आला. पुस्तकात होते, विजातीय प्रभार एकमेकांना आकर्षितात. एका मुलीने विचारले, "सर, कंगवा आपण घासला. कागद तर कोणीच घासला नाही, मग तो का ओढला जातो?" मला उत्तर येत नव्हते. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढे पाठ कर." त्यानंतर कित्येक दिवस तिने हात वर केला नाही, आणि ते मला डाचत राहिले.

उत्तर शोधले ते असे. घासताना केसांतील काही इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात व कंगवा ऋणप्रभारित होतो. कागदात धन आणि ऋण सारखेच असतात. पण कंगवा जवळ येताच कागदाच्या कणाकणातील इलेक्ट्रॉन किंचित पलीकडे सरकतात, आणि कंगव्याकडील बाजू धन होते. पलीकडची ऋण बाजू दूर लोटली जाते हे खरे. परंतु अंतर वाढले की बल झपाट्याने घटते. दोन प्रभारांतील अंतर दुप्पट केले तर बल चौथाई उरते, हे कूलॉमने १७८५ साली मोजून दाखविले. म्हणून जवळच्या बाजूची ओढ वरचढ ठरते.

हे मी वर्गात सांगितले, चूक कबूल केली आणि ऐटीत कंगवा धरला. एकही कपटा हलला नाही! पावसाळ्याचे दिवस, दमट हवेत प्रभार टिकतच नाही. हिवाळ्यात पुन्हा केले, तेव्हा कपटे चिकटले आणि त्यातला एक क्षणभराने उडून दूर पडला. मी विचारले, "हा का पळाला?" हात वर आला तो त्याच मुलीचा. ती म्हणाली, "सर, टेकल्यावर त्याने कंगव्याचेच इलेक्ट्रॉन घेतले. आता दोघेही ऋण."