पिकअप गाडीची कंपनी बदलताना



आज मी बियाण्याबद्दल किंवा खताबद्दल बोलणार नाही. पिकलेला माल बांधीतून घरी आणि घरून बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल चार गोष्टी सांगणार आहे. मी भंडारा जिल्ह्यातल्या, तुमसर तालुक्यातल्या चिखल्याचा. आमचे गाव बाहेरच्या माणसाला मॅंगनीजच्या खाणीमुळे माहीत असते. पण खाणीच्या अवतीभवती आमची धानाची शेती आहे. पूर्वी धान चुरले की बंडी जुंपायची. आता बऱ्याच घरी पिकअप आली आहे. कुणी ती घरच्या मालासाठी घेतली, कुणी गावातल्यांचा माल भाड्याने नेऊन पोट भरण्यासाठी घेतली.

हल्ली चावडीवर एक प्रश्न फार ऐकू येतो. "गाडी सारखी बिघडते, शोरूमवाले दाद देत नाहीत, दुसऱ्या कंपनीची घ्यावी का?" प्रश्न सोपा नाही. गाडी बदलायची म्हणजे जुनी पडत्या भावात विकायची आणि नव्या कर्जाचा हप्ता गळ्यात घ्यायचा. म्हणून आधी हे ठरवा, की दोष नेमका कुठे आहे? गाडीत आहे, वापरात आहे, की दुरुस्ती करणाऱ्यांत आहे? दोष वापरात असेल, तर कंपनी बदलून तो जाणार नाही. तो तुमच्यासोबत नव्या गाडीत येऊन बसेल.

आधी वापर तपासा

पहिली गोष्ट वजनाची. गाडीच्या नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे वजन लिहिलेले असते. दोन्हींतला फरक म्हणजे तुम्हाला किती भरता येईल ते. समजा तो फरक १,५०० किलो आहे आणि पोते ४० किलोचे आहे, तर ३७ पोती झाली की गाडी भरली. त्यावर २० पोती रचून रोज धावलात, तर पाटे बसणारच, क्लच जळणारच. त्यात कंपनीचा काय दोष? शिवाय २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्याप्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे, आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये.

दुसरी गोष्ट धुळीची. आपल्याकडचे कच्चे रस्ते उन्हाळ्यात भुकटी उडवतात. पुस्तकात एअर फिल्टर जितक्या किलोमीटरला बदलायला सांगितला असेल, त्याच्या आधीच तो उघडून पाहावा.

तिसरी गोष्ट नव्या डिझेल गाड्यांची. एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या गाड्या विकल्या जाऊ लागल्या. यांतल्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालली की ती काजळी आपोआप जळून जाते. पण घर ते बांधी, बांधी ते घर, अशा लहान लहान खेपा सतत झाल्या की काजळी साचते, समोर दिवा लागतो आणि गाडीची ताकद कमी होते. असा दिवा लागला की दुर्लक्ष करू नका. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग चालवा. काही गाड्यांना युरियाचे वेगळे द्रावण, म्हणजे डीईएफ, लागते. बरं का, ते सीलबंद डब्यातलेच घ्यावे. शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकला, तर महागाचे भाग कायमचे खराब होतात.

मग कागद तयार करा

वापर ठीक आहे, वजन ठीक आहे, तरीही तोच बिघाड पुन्हा पुन्हा होतो, तर दोष गाडीत किंवा दुरुस्तीत आहे असे समजावे. आमच्या घरी असेच झाले. कंपनीचे नाव मी सांगत नाही, कारण तीच गाडी दुसऱ्या जिल्ह्यात चांगल्या वर्कशॉपच्या हाताखाली नीट चालतही असेल. एकच भाग तीनदा बदलला. दर वेळी पार्ट शहरातून यायचा आहे, असे उत्तर मिळाले. ऐन धान चुरण्याच्या दिवसांत गाडी शेडमध्ये उभी होती, घरी पोती पडून होती, आणि दुसऱ्याची गाडी भाड्याने करावी लागली. हप्ता मात्र तारखेला द्यावाच लागला.

यात आम्हाला उपयोग झाला तो एका वहीचा. गाडी किती तारखेला दिली, किती किलोमीटर झाले होते, काय बिघडले होते, किती तारखेला परत मिळाली, किती पैसे दिले, हे सगळे त्यात लिहिले होते. प्रत्येक वेळी जॉब कार्डची प्रत मागून घेतली होती. वर्कशॉपात तोंडी बोलण्याला किंमत नसते. जॉब कार्डावर लिहिलेल्या तक्रारीला असते. "हे वॉरंटीत बसत नाही" असे कुणी म्हटले, तर तेवढे वाक्य कागदावर सही-शिक्क्यासह मागावे.

तक्रार शोरूमला करावी आणि कंपनीलाही करावी, दोन्हीकडे वेगळी. याचे कारण ऐका. गोव्यातल्या एका ग्राहकाच्या मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे ठरवले, की विक्रेत्याने केलेल्या गैरप्रकाराची कंपनीला माहिती होती हे दाखवल्याशिवाय कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. म्हणजे शोरूमवर कंपनीची पाटी असली, तरी दोघे एक नव्हेत. तेव्हा कंपनीला लेखी कळवल्याचा पुरावा तुमच्या हातात हवा.

आणखी एक चौकशी करावी. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतही कधी कारखान्यातूनच चूक राहते, आणि मग कंपनी त्या गाड्या परत बोलावून भाग फुकट बदलून देते. ऑगस्ट २०२१ मध्ये महिंद्राने आपल्या २९,८७८ पिकअप एक नळी तपासून बदलण्यासाठी अशाच परत बोलावल्या होत्या. आपल्या गाडीचा चासी नंबर अशा यादीत आहे का, हे जरूर विचारावे.

दाद कुठे मागावी

सर्वांत आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करता येतो. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीच्या गावाला जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये आणि १० ते २० लाखांपर्यंत ४०० रुपये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, हे विसरू नका.

इथे एक अडचण येते. समोरचा वकील म्हणतो, "ही गाडी धंद्यासाठी घेतली, तेव्हा हे ग्राहकच नाहीत." पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा धंद्याची धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हे स्पष्ट केले आहे. मदतीला एकदोन माणसे असली तरी हरकत नाही. मात्र गाडी पूर्णपणे दुसऱ्यानेच चालवायची आणि आपण फक्त भाडे मोजायचे, असे असेल तर हा हक्क मिळणे कठीण.

दुसरी कंपनी निवडताना

आता नवी गाडी. जाहिरातीत ताकद आणि ॲव्हरेज दिसते. वर्कशॉप दिसत नाही. जुन्या लोकांना आठवत असेल, १९८५ च्या आसपास जपानी कंपन्यांच्या जोडीने चार नवे हलके ट्रक आपल्या देशात आले. डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, स्वराज माझदा आणि आयशर मित्सुबिशी. १९८६ मध्ये टेल्कोने, म्हणजे टाटांनी, ४०७ आणला. जपानी गाड्यांचे यंत्र काही कमी दर्जाचे नव्हते. पण ४०७ आपल्या रस्त्यांना आणि आपल्या ओझ्याला टिकला, आणि त्याच्यामागे गावोगावचे टाटाचे मिस्त्री आणि पार्टची दुकाने उभी होती. पुढे ऑल्विन निसान महिंद्राकडे गेली. डीसीएम टोयोटा देवू या कोरियन कंपनीकडे गेली आणि नंतर तो कारखानाच बंद पडला. अलीकडे २०१७ मध्ये जनरल मोटर्सनेही भारतातली विक्री थांबवली. गावोगाव धावणाऱ्या तवेरा गाडीची ती कंपनी.

यावरून घ्यायचे ते एवढेच, की गाडी पाच-दहा वर्षे आपल्याकडे राहणार. तितकी वर्षे तिचा पार्ट कोण देणार, हे आधी पाहावे.

आज निवड भरपूर आहे. टाटाची एस २००५ मध्ये आली, अशोक लेलँडची दोस्त २०११ मध्ये, टाटाची इंट्रा २०१९ मध्ये. महिंद्राची बोलेरो पिकअप तर सगळ्यांच्या ओळखीची आहे. कोणती चांगली हे मी सांगणार नाही. पारखायचे कसे ते सांगतो.

एक. शोरूमच्या आधी वर्कशॉप पाहा. सकाळी जाऊन उभे राहा, आणि गाडी घेऊन आलेल्या चार माणसांना किती दिवस लागले ते विचारा.

दोन. क्लच प्लेट, डिझेल फिल्टर, ब्रेकचे लायनर आणि एखादा सेन्सर, यांची किंमत पार्टच्या दुकानात विचारा. पार्ट तिथल्या तिथे मिळतो की मागवावा लागतो, हेही विचारा.

तीन. तुमसरला किंवा भंडाऱ्याला त्या गाडीचा स्कॅनर असलेला, कंपनीबाहेरचा मिस्त्री आहे का? वॉरंटी संपल्यावर तोच उपयोगी पडणार.

चार. आपल्याच भागात तीच गाडी तीन वर्षे वापरलेला माणूस शोधा. नव्या गाडीचा मालक नेहमी कौतुकच करतो.

पाच. हिशोब मांडा. समजा हप्ता १५,००० रुपये आहे, तर गाडीचा एक दिवस ५०० रुपयांचा झाला. सहा दिवस शेडमध्ये गेले तर ३,००० रुपये नुसते उभ्या गाडीचे, आणि भाड्याच्या गाडीचा खर्च वेगळा. स्वस्त गाडी अशी महाग पडते.

जुनी गाडी विकताना कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला घ्या, फॉर्म २९ आणि ३० भरा, आणि १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवा. नाव तुमचेच राहिले आणि अपघात झाला, तर भरपाई नोंदणीतल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तसाच निकाल दिला आहे.

शेवटची सूचना वेळेबद्दल. दसरा-दिवाळीला शोरूमवाले सवलती काढतात, आणि नेमके त्याच दिवसांत आपले हलके धान कापणीला येते. घाईघाईत सही होते. म्हणून ही चौकशी रोवणी आटोपल्यावर, श्रावण-भाद्रपदात, थोडी उसंत असताना करावी. वही आजच सुरू करावी. जुनी गाडी ठेवायची ठरली तरी ती वही कामाची आहे.