घरातल्या ऑफिसची सुट्टी कधी होते?



आपल्या तळेगावातून रोज कंपन्यांच्या बस भरून चाकणला जातात. पाळी संपली की कामगार बसमध्ये बसतो. मशीन त्याच्यासोबत घरी येत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर. माझं मशीन माझ्या उशाशी असतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमचं ऑफिस घरी आलं. फायदे झालेच. शिवाजीनगरपर्यंतचा लोकलचा प्रवास वाचला, अम्मी-अब्बांजवळ राहता आलं. पण खडकी ते घोरावाडी येईपर्यंत डोक्यातलं काम हळूहळू उतरायचं, तेही गेलं. आता कॉल संपतो आणि पुढच्या मिनिटाला समोर ताट असतं. वाचलेला वेळ आरामात जाईल असं वाटलं होतं, तो कामातच गेला. आठवडाभरात घराबाहेरचा माणूस भेटतो तो जुम्म्यालाच.

हे फक्त मनापुरतं राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्के जास्त असतो.

आपल्या मुलींचं आणखी वेगळं. 'नोकरी कर, पण घरूनच' या अटीवर परवानगी मिळते. मग मीटिंग चालू असतानाही पाहुण्यांचा चहा तिनेच करायचा, कारण 'घरीच तर आहेस'. पगार ऑफिसचा, राबणं दोन्हीकडचं, आणि मन मोकळं करायला मैत्रीण नाही. अशा वेळी सोय कुठे संपते आणि कोंडी कुठे सुरू होते, हे भावांनी आणि नवऱ्यांनी स्वतःला विचारावं. चहा आपणही करू शकतो.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. तोवर सुट्टीची वेळ आपणच ठरवायची, टीमला सांगायची आणि लॅपटॉप मिटून बाहेर पडायचं.

झोप उडाली, कशातच मन रमेना, तर 'ईमान कमजोर झालं' म्हणून गप्प बसू नका. ताप आला की आपण डॉक्टरकडे जातोच ना? 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. आपली पॉलिसी आज घरी जाऊन एकदा वाचा.