आधीची लस, शेजारची लस

किडनी बदलायची असं एकदा ठरलं, की घरात काय काय बोलणी होतात ते आपल्याला ठाऊक आहे. किडनी कोण देणार, आई की बायको? रक्तगट जुळतो का? पैशांची सोय कुठून करायची, मुलीचं लग्न पुढं ढकलायचं का? या सगळ्यात एक प्रश्न सहसा कुणी काढत नाही, आणि डॉक्टरांच्या यादीतही तो बराच खाली असतो. ऑपरेशनच्या आधी या माणसाच्या लशी घेऊन झाल्या आहेत का?

प्रश्न महत्त्वाचा अशासाठी, की नवी किडनी बसली की शरीर तिला परकी समजून तिच्यावर उठतं. तसं होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशी औषधं घ्यावी लागतात, आणि ती किडनी चालतेय तोवर घ्यावी लागतात. ही औषधं प्रतिकारशक्तीला मुद्दाम दाबून ठेवतात. किडनी वाचते, पण न्यूमोनियाचे जंतू, फ्लूचा विषाणू, बुरशी यांचंही फावतं. लस म्हणजे तरी काय, प्रतिकारशक्तीला आधीच दिलेला धडा. विद्यार्थीच गुंगीत असेल तर तो धडा शिकणार कोण?

म्हणून ज्यांची प्रतिकारशक्ती दुबळी आहे किंवा होणार आहे, त्यांच्या बाबतीत लस टोचण्याच्या खऱ्या जागा दोनच. एक, दुबळेपणा येण्याआधी त्यांच्या स्वतःच्या दंडावर. आणि दुसरी, त्यांच्या आजूबाजूला राहणाऱ्यांच्या दंडावर.

हे लोक कोण? केमोथेरपी घेणारे, अवयव किंवा अस्थिमज्जा बदललेले, एचआयव्ही असलेले, डायलिसिसवरचे, अपघातामुळे किंवा थॅलेसेमियामुळे पाणथरी, म्हणजे प्लीहा, काढावी लागलेले. यांच्याबद्दल घरच्यांना निदान जाणीव तरी असते. पण संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या मावशी, दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या खाणारे काका, यांना आपण या यादीत आहोत हे माहीतच नसतं. प्रेडनिसोलोन दिवसाला २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त, असं दोन आठवडे चाललं, की तो माणूस यादीत आला असं आम्ही धरतो. सांधेदुखीवर कुठंकुठं बिननावाच्या पुड्या मिळतात, त्यांतही पुष्कळदा स्टेरॉइडच निघतं. ती घेणाऱ्याला आपण काय घेतोय याचा पत्ता नसतो.

आता लशींचे ढोबळ दोन प्रकार. काही लशींत जंतू जिवंत असतो, पण अशक्त केलेला. बीसीजी, तोंडात द्यायचे पोलिओचे थेंब, गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, कांजण्यांची, पीतज्वराची. दुसऱ्या प्रकारात जंतू मेलेला असतो, किंवा त्याचा नुसता एखादा तुकडा असतो. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकॉकल, हिपॅटायटिस बी, धनुर्वात, एचपीव्ही या त्यातल्या. निरोगी अंगात अशक्त जंतू थोडी खुडबुड करतो आणि संपतो. दबलेल्या अंगात तो संपेलच याची खात्री नसते, म्हणून जिवंत लस अशा माणसाला सहसा देत नाहीत. सहसा म्हणाले, कारण एचआयव्हीचे उपचार नीट चालू असतील आणि सीडी-४ पेशी २०० च्या वर टिकून असतील, तर गोवराची लस देता येते. मेलेल्या लशीचा असा धोका नाही. तिचं काम थोडं कमी होईल इतकंच.

जिवंत लस द्यायची तर औषधं सुरू होण्याच्या निदान चार आठवडे आधी, आणि मेलेली निदान दोन आठवडे आधी. म्हणजे लशीची आठवण ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर होऊन उपयोग नाही. किडनी बदलावी लागेल असं डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले, तोच तो दिवस. पाणथरी ठरवून काढायची असेल तर दोन आठवडे आधी न्यूमोकॉकल, मेनिंगोकॉकल आणि हिब या लशी घ्यायच्या. अपघातात तातडीनं काढावी लागली तर ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी. संधिवाताची बायोलॉजिक इंजेक्शनं सुरू करण्याआधी लशींबरोबर क्षयाची तपासणीही हवी, कारण आपल्याकडं कित्येकांच्या अंगात क्षयाचा जंतू गपगुमान बसलेला असतो. कर्करोगाचं मात्र वेगळं. तिथं लशीसाठी केमो लांबवायची नाही. सवड मिळाली तर लस, नाहीतर उपचार आधी.

डायलिसिसवर असलेल्यांना हिपॅटायटिस बीची लस नेहमीच्या दुप्पट मात्रेत देतात, ४० मायक्रोग्रॅम. पहिला डोस, मग एक, दोन आणि सहा महिन्यांनी पुढचे. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडं किती तयार झाली ते बघायचं असतं. आकडा १० च्या खाली असेल तर पुन्हा लस. चारही डोस नेमानं घेतलेले लोक भेटतात. ही तपासणी केलेले मात्र फार थोडे.

आधीची वेळ हुकली तर? मेलेल्या लशी नंतरही घ्याव्यात. अर्धीमुर्धी ढालही कामाची असते. नागिणीचंच बघा. लहानपणी कांजण्या होऊन गेल्या की तो विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती उतरली की नागीण होऊन वर येतो. नागिणीचा विळखा कमरेभोवती पुरा झाला की माणूस दगावतो, ही समजूत साफ खोटी आहे. पण दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या माणसात ती अंगभर पसरू शकते, आणि फोड सुकल्यावरही महिनोन्‌महिने आग होत राहते. तिच्यावरची जुनी लस जिवंत होती, म्हणून ज्यांना सर्वांत जास्त गरज तिथंच ती चालत नसे. नवी लस विषाणूच्या एका तुकड्याची आहे आणि २०२३ पासून आपल्याकडं मिळते. दोन डोस लागतात. महाग आहे, हे खरं.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो, तेव्हा लस एप्रिल-मे-जूनमध्ये घेतलेली बरी. पुणेकरांना २००९ चा ऑगस्ट आठवत असेल. स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी तिथंच घेतला, आणि तोंडाला रुमाल बांधून हिंडणारं शहर आपण तेव्हा प्रथम पाहिलं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं नाकात फवारायची लस आणली. ती जिवंत विषाणूची. आज मी ज्यांच्याविषयी बोलतेय त्यांनी फवारा टाळून इंजेक्शनच घ्यावं.

आता शेजारच्या दंडाकडं येऊ. रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला गोवराची लस देता येत नाही. त्याला गोवर झाला तर कधी अंगावर पुरळही उठत नाही, थेट फुप्फुसं धरली जातात. त्याला वाचवायचं तर गोवर त्याच्यापर्यंत पोचताच कामा नये, आणि त्यासाठी आसपासच्या शंभरातल्या ९५ मुलांना लस मिळालेली असावी लागते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवर पसरला, मुलं दगावली. लस राहून गेलेली घरं तिथं बरीच होती. तिथून परळचं टाटा रुग्णालय फार लांब नाही, आणि लांबून आलेले कर्करोगाचे रुग्ण जिथं उतरतात ती दादरची गाडगे महाराज धर्मशाळाही नाही. आमच्या मुलाला लस दिली नाही तर तुमचं काय बिघडलं, असं विचारणारे पालक भेटतात. बिघडतं ते या मुलांचं.

घरातल्यांनी गोवर, कांजण्या आणि फ्लू या लशी खुशाल घ्याव्यात, नव्हे घ्याव्यातच. कांजण्यांच्या लशीनंतर क्वचित अंगावर फोड येतात. तसे आले तर ते जाईपर्यंत त्या माणसानं रुग्णापासून लांब राहायचं. कांजण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, खासगीत घ्यावी लागते. आणि घरात कुणाला खऱ्याच कांजण्या आल्या, तर 'देवी आली' म्हणत कडुलिंबाचा पाला अंथरा हवं तर, पण आजोबांची केमो चालू असेल तर त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. पहिल्या चार दिवसांत देता आलं तर उत्तम, असं एक इंजेक्शन आहे. फोड दिसण्याची वाट बघण्यात ते दिवस जातात.

एक नाजूक गोष्ट पोलिओची. तोंडात दिलेल्या थेंबांतला विषाणू काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. २०११ नंतर भारतात रानटी पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही, आणि ती कमाई या थेंबांचीच आहे. तेव्हा माझं बोलणं ऐकून पोलिओ चुकवू नका, कृपा करून. मात्र घरात प्रतिकारशक्ती फार खालावलेलं कुणी असेल, तर बालरोगतज्ज्ञांना ते सांगा. ते थेंबांऐवजी टोचायची लस देतील. थेंब देऊन झाले असतील तर महिना-दीड महिना आजीनं नातवाची लंगोट बदलू नये, आणि जो बदलेल त्यानं साबणानं हात धुवावेत. धोका फार थोडा आहे, पण टाळता येतो. रोटाव्हायरसचे थेंब दिल्यावरही काळजी हीच.

लस जिथं पुरी पडत नाही तिथं सावधगिरी लागते, आणि त्यात मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती 'नुसती कसकस आहे' या वाक्याची. केमो घेतल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा थर्मामीटरवर १०१ एकदा जरी दिसलं, किंवा १००.४ तासभर टिकलं, तर ती रात्रीचे दोन वाजले असतील तरी रुग्णालयात जाण्याची वेळ. तिथं तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. ताप मोजण्याआधी क्रोसिन देऊ नका, त्यानं आकडा झाकला जातो. पाणथरी काढलेल्यांनाही हाच नियम, आणि तो जन्मभर. केमो घेऊन गावी परतणाऱ्यांनी जवळचं रुग्णालय कोणतं, रात्री तिथं कोण असतं, हे आधीच बघून ठेवावं आणि उपचारांचा कागद खिशात ठेवावा. काहींना न्यूमोनिया टाळण्यासाठी सेप्ट्रानची गोळी महिनोन्‌महिने दिलेली असते. ताप नाही मग कशाला, म्हणून ती परस्पर बंद करू नये.

खाण्याचं थोडक्यात. गरम शिजवलेलं खा, फळं सोलायची घ्या, केळं, मोसंबी. उसाच्या रसातला बर्फ, पाणीपुरी आणि मोडाची कच्ची कडधान्यं नकोत. सत्यनारायणाचं पंचामृत कच्च्या दुधाचं असेल तर डोळ्यांना लावून पुढं द्या, देव रागावत नाही. कुंडीतली माती उकरणं, जुन्या भिंती पाडायच्या धुळीत उभं राहणं, कबुतरांना दाणे घालणं या तिन्हींत बुरशीशी गाठ पडते. बुरशी काय करू शकते ते २०२१ मध्ये कोविडच्या साथीत, वाढलेली साखर आणि स्टेरॉइड एकत्र आल्यावर, आपण पाहिलं. डोळे गेले, जबडे काढावे लागले. पुराच्या पाण्यातून चालावं लागलंच तर त्याच दिवशी लेप्टोस्पायरोसिस टाळण्याच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

'इम्युनिटी वाढवणारे' काढे घेऊ का, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. बदललेली किडनी असेल तर प्रतिकारशक्ती चाळवणारं काहीही घेणं म्हणजे त्या किडनीशीच वैर. शिवाय गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच नोंदवले आहेत.

अस्थिमज्जा बदललेल्यांची तऱ्हा निराळी. लहानपणी घेतलेल्या लशींची आठवण जुन्या मज्जेबरोबर बरीचशी पुसली जाते, म्हणून सहा महिने ते वर्षभरानंतर बाळाच्या लशी नव्यानं सुरू करतात आणि गोवराची, सगळं ठीक असेल तर, दोन वर्षांनी. चाळिशीच्या माणसाला त्रिगुणी लशीसाठी बालरोगतज्ज्ञांच्या दारात बसायला संकोच वाटतो. वाटू देऊ नका.

किडनीचे डॉक्टर म्हणतात लशींचं फॅमिली डॉक्टर बघतील, आणि फॅमिली डॉक्टर म्हणतात मोठ्या डॉक्टरांना विचारा. या टोलवाटोलवीत आठवडे जातात. तेव्हा पुढच्या भेटीत एका कोऱ्या कागदावर मागून घ्या: कोणत्या लशी, कोणत्या तारखांना, आणि घरातल्या कुणी कोणत्या. त्यावर डॉक्टरांची सही घ्या, आणि तो कागद रिपोर्टच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावा.