कुबडीवरचा उमेदवार



शाळा समितीची निवड जवळ आली, की पारावर बोलणे सुरू होते. एखादा कुबडीवर चालणारा बाप पुढे आला, की लोक म्हणतात, "याला स्वतःलाच धरावे लागते, हा शाळा काय सांभाळणार?" यावर मला अमेरिकेतल्या एका बाईची हकिगत सांगायची आहे.

ज्युडिथ ह्यूमन तिचे नाव. जन्म १९४७ चा. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि ती चाकांच्या खुर्चीत बसली. पाच वर्षांची झाली तेव्हा आई तिला शाळेत घेऊन गेली. मुख्याध्यापक म्हणाले, आग लागली तर ही खुर्ची आड येईल, पोरीला घरी न्या. आता बघा! पायऱ्या शाळेच्या, आणि दोष पोरीचा? मीही मुख्याध्यापकी केली आहे. असल्या कारणांना तोटा नसतो. नऊ वर्षांची होईपर्यंत ती घरीच शिकली.

पुढे शिकून तिने शिक्षिकेचा परवाना मागितला. १९७० साली न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने तो नाकारला. कारण पुन्हा तेच, आग! बाई कोर्टात गेल्या. मंडळाने माघार घेतली आणि बाई वर्गात शिकवू लागल्या.

१९७७ साली अपंगांच्या हक्काचे नियम सरकारदरबारी अडकून पडले होते. तेव्हा ज्युडिथबाई शंभरावर लोकांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत ठाण मांडून बसल्या. तीन आठवड्यांवर बसल्या! कचेरीने टेलिफोन तोडले. मग ऐकू न येणाऱ्या सोबत्यांनी खिडकीतून हातांच्या खुणा करून बाहेर निरोप धाडले. धडधाकट माणसाला हे सुचले असते का? शेवटी नियमांवर सही झाली. पुढे १९९३ ते २००१ बाईंनी साऱ्या देशाच्या अपंग शिक्षणाचा कारभार पाहिला. २०२३ साली त्या वारल्या.

आपल्याकडे २००९ च्या कायद्याने शाळा समितीत चारांत तीन सभासद पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. कुबडीवरचा बाप तिथे बसला, तर संडासाचे दार अरुंद आहे, नळ उंच आहे, हे त्याला आधी दिसेल. पण कुबडी आहे म्हणून डोळे मिटून निवडू नका हो. हिशेब तपासशील का, सभेला येशील का, हे त्यालाही विचारा.

आणि सभा माडीवर ठेवू नका.