दुसरा माणूस

(हसनाबाद येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. माणूस आपल्या लाभहानीचा हिशेब एकट्याने मांडतो, असे ते शास्त्र गृहीत धरते. पण पारावर बसणारा कोणीही सांगेल की, 'लोक काय म्हणतील' हाच त्या हिशेबातला पहिला आकडा असतो.

१९५१ साली सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत एक साधा प्रयोग मांडला. समोरच्या रेषेइतकी लांब रेषा तीन रेषांतून ओळखावयाची. एकटा माणूस सहसा चुकत नसे. परंतु आधीच पढविलेले बाकीचे सर्व जण चुकीचे उत्तर देऊ लागताच सुमारे तीनचतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्यांची री ओढली. १९६८ साली डार्ली आणि लाताने यांनी दुसरी बाजू दाखविली. संकटात सापडलेल्याचा आवाज आपण एकटेच ऐकत आहोत असे वाटले, तेव्हा ८५ टक्के लोक वेळीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटताच हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. जबाबदारी वाटली जाते, आणि वाटता वाटता कोणाचीच उरत नाही.

हे दूरदेशीचे वाटेल. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भर बाजाराच्या दिवशी, भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. ती गर्दी जन्मजात खुन्यांची होती, असे म्हणून आपली सुटका होत नाही. गर्दी माणसांचीच होती. आणि भिक्षेकऱ्याला 'परका' ठरविण्याची सवय गावाला अफवेच्या आधीपासूनच होती.

येथे प्रयोगशाळा अपुरी पडते. अ‍ॅशच्या खोलीतील विद्यार्थ्याला खरे बोलून काही गमवावे लागत नव्हते. गावात नकार देणाऱ्याची मजुरी बंद होते, किराण्याची उधारी तुटते. म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या आपल्या निवेदनात सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरविण्याची मागणी केली होती. महाराष्ट्राने तसा कायदा २०१६ साली केला. समूहाच्या दबावाला आर्थिक पाया असतो. तो न हलविता केवळ प्रबोधन करणे म्हणजे पाण्यावर रेघा ओढणे होय.

मात्र अ‍ॅशचाच आणखी एक निष्कर्ष आशा देणारा आहे. समूहात खरे उत्तर देणारा एकच सोबती मिळाला, तरी चुकीला शरण जाण्याचे प्रमाण सुमारे चौथाईवर उतरले. पहिला नकार देणारा धाडसी माणूस नेहमीच मिळेल असे नाही. पण तो उभा राहिला, तर त्याच्या शेजारी उभा राहणारा दुसरा माणूस आपण व्हावयाचे आहे. संघटना याहून वेगळी काय असते?

आणि हा धडा प्रथम आपल्याच बैठकीला लागू करू या. आपल्याकडेही ठराव 'एकमताने' मंजूर होतात. हात वर करताना शेजाऱ्याकडे पाहण्याची सवय आपल्यालाही आहे. जेथे सोबत्यासमोर 'मला हे पटत नाही' म्हणता येत नाही, तेथून घडलेला कार्यकर्ता बाजारातील जमावासमोर ते म्हणेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.